डांबर संपतं तिथून पुढे

वीकेंड म्हणजे लोणावळ्याचा ट्रॅफिक आणि भाजलेलं कणीस, एवढंच समीकरण डोक्यात असेल तर ते आता बदला. हायवेपासून जेमतेम अर्ध्या तासावर मावळातल्या तीन नद्या तुमची आणि तुमच्या सायकलची वाट बघताहेत.

पाच दिवस क्यूबिकलमध्ये मान मोडून काम करायचं, शनिवारी मॉल आणि रविवारी दुपारी बारापर्यंत ताणून द्यायची. हा फंडा बोअर झालेल्यांची एक जमात सध्या पहाटे पाचला घराबाहेर पडते. हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी आणि खाली जाड टायरची सायकल. या मंडळींना गुळगुळीत रस्ता नको असतो. त्यांना हवा असतो मुरूम, खडी, धरणाच्या कडेची लाल वाट. या प्रकाराला म्हणतात ग्रॅव्हल बाइकिंग.

हे प्रकरण आहे तरी काय?

दिसायला ही रेसिंग सायकलच. हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. रोड बाइक खडीवर हात टेकते आणि माउंटन बाइक डांबरावर जड जाते. या दोघींच्या मधली जागा ग्रॅव्हल बाइकने पटकावली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये कच्च्या रस्त्यांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणून ओळखली जाते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

आपल्याला शर्यत करायची नाहीये, त्यामुळे महागडी सायकल घेतल्याशिवाय सुरुवातच नाही असं अजिबात समजू नका. घरी पडलेली माउंटन बाइक किंवा जाड टायर बसणारी हायब्रिड पहिल्या चार राइडना मस्त चालते. फक्त हवा थोडी कमी ठेवा. ४० मिलिमीटरचा टायर आणि मध्यम वजनाचा सायकलस्वार असेल तर ३० ते ४० पीएसआय पुरे. दगडागोट्यांवर टायर उड्या मारण्याऐवजी रस्ता धरून चालतो.

तीन मावळ, तीन नद्या

पुणे-लोणावळा लोकलची कान्हे आणि कामशेत ही दोन स्टेशनं लक्षात ठेवा. इथूनच तिन्ही खोऱ्यांची दारं उघडतात.

आंदर मावळ : कान्हेहून टाकवे बुद्रुक, मग आंद्रा नदीच्या खोऱ्यातून ठोकळवाडी धरणाच्या कडेकडेने कुसूरच्या दिशेने. मुख्य रस्ता डांबरी आहे. खरी मजा वाड्यांकडे आणि पाण्याकडे फुटणाऱ्या फाट्यांवर. आंद्रेचं पाणी एरवी इंद्रायणी-भीमेतून पूर्वेला जायचं. टाटांनी ते इथे अडवलं आणि घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. १९२२ मध्ये तिथे वीज तयार होऊ लागली. म्हणजे उजव्या-डाव्या हाताला दिसणारं हे शांत पाणी शंभर वर्षं मुंबईचे दिवे लावतंय.

नाणे मावळ : कामशेतहून नाणे, गोवित्री, करंजगाव करत जांभिवली. खोरं कुंडलिकेचं. शेवटी कोंडेश्वराचं देऊळ, भोवती झाडी आणि मागे ढाक बहिरीचा कडा. जाऊन-येऊन अंतर बेताचं, चढही फार नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हाच रूट बेस्ट.

पवन मावळ : कामशेतहून पवनानगर आणि पुढे धरणाला वळसा घालत तिकोना पेठ. वाटेत करंजजवळ बेडसे लेणी. तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर असे चार किल्ले आळीपाळीने दर्शन देत राहतात. दमसास असेल तर हडशी-कोळवणवरून पौडला उतरा आणि पुण्यात परत या. चढ कस काढणारे आहेत, पण व्ह्यू सॉलिड!

रस्ता कोणाचा?

आता थोडं सिरियस. ‘इथे अजून डांबर पोचलेलं नाही’ हे वाक्य आपण आनंदाने टाळी वाजवून म्हणतो. तेच वाक्य त्या वाडीतली एखादी मावशी कसं म्हणत असेल?

२००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मैदानी भागासाठी ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीचा निकष होता. पंधरा-वीस घरांची ठाकर किंवा कातकरी वाडी अशा यादीत मागेच राहते. पावसाळ्यात मुरमाचा चिखल झाला की जीप येत नाही, एसटी तर लांबच. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या सह्याद्रीतल्या वाड्यांमधून येतच असतात. आपली रविवारची धमाल ही कोणाची तरी रोजची अडचण आहे.

पाण्याचंही तसंच. पिंपरी-चिंचवडच्या फ्लॅटमध्ये नळाला येणारं पाणी पवनेचं. धरणातून नदीत सोडायचं आणि रावेतला उचलायचं, ही जुनी पद्धत. धरणातून थेट बंद जलवाहिनी टाकायला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. बाटली भरताना हे माहीत असलेलं बरं. एसी गाडीच्या काचेतून हे खोरं फक्त सिनरी वाटतं. ताशी बारा-पंधराच्या स्पीडने गेलात की शेत, घर, माणूस सगळं दिसायला लागतं. मला विचाराल तर या सायकलचं खरं थ्रिल तेच आहे.

म्हणून पुढच्या वर्षी तुमच्या लाडक्या वाटेवर रोलर फिरलेला दिसला तर हळहळू नका. गावाला रस्ता मिळाला, छान झालं. आपण दुसरा फाटा शोधू.

निघण्यापूर्वी

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा बेस्ट सीझन. मार्चनंतर सकाळी दहाच्या आत परत फिरा.

• पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सरळ मागे वळा, मित्र कितीही चिडवोत. जुन्या साकवांवर गर्दी करू नका. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

• दोन ट्यूब, पंप, पंक्चर किट आणि दोन लिटर पाणी हवंच. आतल्या वाड्यांमध्ये सायकलचं दुकान नसतं आणि मोबाइलची रेंज कधीही दगा देते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि एकट्याने जाऊ नका.

• सायकल लोकलमधून न्यायची असेल तर नियम आणि पावतीचं आधी स्टेशनवर विचारून घ्या.

• मोबाइलवरची रेघ सरळ जाते, पण वाटेत कुंपण किंवा वनखात्याची हद्द असू शकते. ‘राम राम मामा, इकडून जाऊ का?’ एवढं विचारलं की कामच होतं. वर चांगला शॉर्टकटही कळतो.

• भाताच्या खाचरातून आणि बांधावरून सायकल घालायची नाही. गुरं दिसली की थांबायचं, घंटी वाजवायची नाही.

• डबा घरून नेण्यापेक्षा गावात सांगून पिठलं-भाकरी खा आणि पैसे मोजून द्या. परतताना पाच किलो इंद्रायणी तांदूळ घ्या. या वाणाचा जन्मच मावळातला, वडगावच्या भात संशोधन केंद्रातला.

तांदूळ पाठीवर घेऊन सायकल हाणायला जमत नसेल तर कोणाची गाडी कामशेतला येतेय का बघा. नाहीतर दोन किलोच घ्या, पण घ्या.