उपाय आहे, पण तो आपल्या घरापर्यंत पोहोचतो का?

नवजात बाळाला कसे वाचवायचे, हे वैद्यकशास्त्राला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. बाळाला उबदार ठेवायचे, जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध पाजायचे, संसर्गाची लक्षणे दिसली की लगेच उपचार सुरू करायचे. तरीही बाळे दगावतात. कारण उपाय पुस्तकात असणे वेगळे आणि तो मेहकर किंवा चिखलीच्या आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीच्या खोलीत पोहोचणे वेगळे. हे मधले अंतर कसे पार करायचे, याचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला अंमलबजावणीशास्त्र म्हणतात. नाव जड असले तरी त्यातले प्रश्न आपल्या घरातलेच आहेत.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, संसर्ग ओळखून औषध व इंजेक्शन देत. आधी तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 62 बाळे पहिल्या 28 दिवसांत दगावत. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण 25 च्या आसपास आले. शेजारच्या ज्या गावांत हा प्रयोग नव्हता, तिथे ते 60 च्या जवळच राहिले. 1999 साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने हे काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवले.

पण 39 गावांत जमले ते लाखो गावांत तसेच जमेल का? इथे हे शास्त्र चार प्रश्न विचारते.

पहिला, पोहोच. सेवा कोणापर्यंत गेली आणि कोण सुटले? पहिले बाळंतपण माहेरी होते, नाव मात्र सासरच्या गावात नोंदलेले असते. मग दोन्हीकडच्या आशाताईंच्या यादीतून बाळ सुटू शकते. कामासाठी पुण्याला, सुरतेला गेलेल्या कुटुंबांचेही असेच होते.

दुसरा, नेमकेपणा. ठरले तसेच काम झाले का? दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी झाले असेल, तर पहिल्या दिवसाची धरून सात. दारातून "बाळ बरे आहे ना?" विचारून परत जाणे म्हणजे भेट नव्हे. वजन, ताप, श्वास, बेंबी, दूध पिणे, हे सगळे पाहायला हवे.

तिसरा, जुळवणी. जागा बदलली की कामात काय बदलायचे? गडचिरोलीत गावातली कार्यकर्तीच इंजेक्शन देत असे. सरकारी योजनेत आशाताईंनी धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला दवाखान्यात पाठवण्यावर भर आहे. म्हणजे तिथे पुढे गाडी आणि डॉक्टर तयार नसतील, तर आशाताईंनी चोख काम करूनही बाळ वाचणार नाही.

चौथा, सातत्य. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावरही काम चालू राहते का? आशाताईंचा मोबदला वेळेवर मिळतो का, वजनकाटा व थर्मामीटर चालू आहेत का, यावर ते अवलंबून असते.

यात आपण काय करायचे? बाळंतीण माहेरी आली की दोन्ही गावांच्या आशाताईंना कळवा. भेटीची तारीख आणि बाळाचे वजन वहीत लिहून ठेवा. महिला मंडळाच्या बैठकीत वस्तीतल्या बाळांच्या भेटी एकत्र मोजा. भेटी कमी पडत असतील, तर आशाताईंशी भांडू नका. अडचण कुठे आहे ते त्यांनाच विचारा आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामसभेत मांडा.

आणि एवढे लक्षात ठेवा. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच 102 किंवा 108 ला फोन करा.