दुकानातील चोरी : पकडले गेल्यानंतरचा कायदा
साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत दुकानातून वस्तू लपवून नेताना कोणी सापडल्यास, १ जुलै २०२४ पासून त्या कृत्याला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मात्र वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, दोष प्रथमच सिद्ध झाला असेल आणि वस्तू वा तिचे मूल्य परत केले गेले असेल, तर कैदेऐवजी सामुदायिक सेवा, म्हणजे न्यायालयाने नेमून दिलेले विनामोबदला लोकोपयोगी काम, करावे लागते. ही तरतूद जुन्या दंड संहितेत नव्हती आणि ती निःसंशय स्वागतार्ह आहे. अशी किरकोळ चोरी अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास वा अटक करता येत नाही अशी, ठरते. परंतु मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरी म्हणून कलम ३०५ लावले गेल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास कलम ३०३ खाली किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे.

संशयिताला मारहाण करण्याचा किंवा त्याची धिंड काढण्याचा अधिकार दुकानदाराला कोणताही कायदा देत नाही. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊनही पारधी, रामोशी यांसारख्या विमुक्त, म्हणजे त्या कायद्याच्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या, समाजांवर पहिला संशय घेतला जातो, हे या दोन्ही जिल्ह्यांनी गांभीर्याने लक्षात घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.