बिनतिकिटाचा पाचवा प्रवासी

विमान दार उघडं टाकून चालवतात, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण चालवतात! आकाशात नव्हे हं, जमिनीवर.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जुलै-ऑगस्टच्या दुपारी पारा सहज ३८ अंशांवर जातो. अशा दुपारी एखादं चार जणांचं छोटं विमान धावपट्टीकडे निघालं, की नीट बघा. त्याची दारं वरच्या बाजूला उघडतात, कोंबडीनं पंख उचलावेत तशी. ती दोन्ही दारं चार बोटं वर धरून प्रॉपेलरचा वारा आत घ्यायची मंडळींची धडपड चाललेली असते. धावपट्टीच्या तोंडाशी आलं की दारं बंद. कड्या लागल्या का, ते दोनदा तपासायचं. आणि पुढे रांगेत आणखी दोन विमानं उभी असतील तर? बसा उकडत! काचा मोठ्या, डोक्यावर ऊन. काचेतून ऊन झरझर आत येतं, पण तापलेल्या सीटांची ऊब तितक्या सहज बाहेर जात नाही. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचं दार उघडल्यावर तोंडावर जो भपकारा येतो ना, तोच इथं. फक्त त्यात बसून विमान उडवायचंय.

"मग एसी बसवा की!" तुम्ही म्हणालच. मीही आधी तेच म्हटलं होतं.

पण थांबा. हे विमान कसलं आहे ते आधी ऐका, कारण खरी गंमत तिथं आहे. ते कारखान्यातून तयार होऊन आलेलं नाही. ते एका घराच्या गॅरेजमध्ये बनलंय. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे. तिच्या विमानांची नावं 'आरव्ही'नं सुरू होतात, कारण संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांच्या नावाची ती आद्याक्षरं. त्यांच्यातलं चार जणांचं विमान म्हणजे आरव्ही-१०. ते २००३ साली पहिल्यांदा उडालं. तुम्ही पैसे भरले की तुमच्या दारात विमान येत नाही, खोकी येतात! आत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, त्यांना आधीच पाडलेली भोकं, आणि जाडजूड माहितीपुस्तक. भोकाला भोक जुळवायचं, क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रे तात्पुरते धरून ठेवायचे आणि मग रिव्हेट ठोकायचे. एक जण पुढून हवेच्या बंदुकीनं टर्र्र करतो, दुसरा मागून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. असे हजारो रिव्हेट. रोज संध्याकाळी थोडं, रविवारी जास्त, असं करत वर्षंच्या वर्षं जातात. अमेरिकेतला नियम असा, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी आणि आनंदासाठी स्वतः केलेलं असलं पाहिजे. मग दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे प्रायोगिक, असं ठळक लिहायचं आणि उडायचं. दर जुलैमध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी अशा हौशी मंडळींची जत्रा भरते. गावात आणि आसपास मिळून दहा हजारांच्या घरात विमानं येतात! आणि घरी विमान बांधणारे फक्त अमेरिकेतच असतात असं समजू नका. मुंबईच्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं. तेही अशी तयार खोकी मागवून नाही, स्वतःच्या डोक्यानं.

तर आपले टेक्सासमधले विमानकाका. (हे मी कल्पनेनं उभे केलेत, पण तसे काका तिथं पुष्कळ आहेत.) विमान स्वतः बांधलेलं असल्यामुळे त्यात फेरफार करायची त्यांना मोकळीक आहे. कारखान्यातल्या विमानात असं काही करायचं तर मंजुऱ्या घेताघेता नाकी नऊ येतात. काकांनी मोठा बदल केला की त्याची नोंद ठेवायची आणि प्रवासी न घेता काही तास चाचणी उड्डाणं करायची, एवढं मात्र बंधन आहे.

आता एसी म्हणजे काय? हाताला सॅनिटायझर लावला की गार वाटतं. कारण तो उडून जाताना तुमच्या हाताची उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी त्याच युक्तीनं गार होतं. मोटारीच्या एसीत बरीच वर्षं वापरला गेलेला आर-१३४ए हा पदार्थ तर भलताच उडाणटप्पू. उघड्यावर तो उणे २६ अंशांनाच उकळतो! आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनची उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्याला दाबून, तापवून बाहेरच्या कंडेन्सरकडे ढकलतो. तिथं तो उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, पुन्हा द्रव होतो आणि परत कामाला. एसी गारवा 'तयार' करत नाही, तो उष्णतेची हमाली करतो. फ्रिजची मागची किंवा कडेची बाजू गरम का लागते, ते आलं ना लक्षात?

मोठ्या प्रवासी विमानांचं प्रकरण वेगळं. त्यांच्यातल्या बहुतेकांत असला गॅस लागतच नाही. जेट इंजिनातली दाबलेली, तापलेली हवा घेऊन, ती थोडी निववून एका चक्रातून एकदम सैल सोडतात. सैल होताना ती गारठते. सायकलच्या ट्यूबमधून फुस्सकन सुटणारी हवा बोटाला गार लागते, तसं. काकांच्या विमानात जेट इंजिन नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

काकांनी कागद-पेन्सिल घेतली. पहिला प्रश्न: घरचा एसी का नाही चालणार? कारण वीज. दीड टनाच्या एसीला साधारण दीड हजार वॅट लागतात. विमानातला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं वीजयंत्र, १४ व्होल्टला ६० अँपिअर देत असेल तर गुणाकार करा: ८४० वॅट. त्यातच रेडिओ, दिवे, स्क्रीन, सगळं भागवायचं. म्हणजे कॉम्प्रेसर इंजिनालाच पट्ट्यानं जोडायला हवा, मोटारीत असतो तसा.

जोडला. इंजिन २६० अश्वशक्तीचं, त्यातली चार-पाच कॉम्प्रेसर खाणार. एवढ्यानं काय बिघडतं? एरवी नसतं बिघडलं. पण तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत इंजिनाला दम लागतो, प्रॉपेलरची पकड सैल पडते आणि पंखांनाही कमी उचल मिळते. म्हणजे ज्या दुपारी एसी सगळ्यात जास्त हवा, त्याच दुपारी इंजिनाकडे वाटायला सगळ्यात कमी ताकद! ह्याला म्हणतात दुष्काळात तेरावा महिना.

पुढे कंडेन्सर. त्याला भरपूर वारा लागतो. इंजिनाजवळ जागा नाही, आणि इंजिनच वाऱ्यावर गार होतं, तिथं वाटेकरी नको. म्हणून बरेच जण विमानाच्या पोटाखाली हवा ओढणारं तोंड बसवतात. पण वाऱ्यात काहीही बाहेर काढलं की वारा त्याला मागे ओढतो. पावसाळ्यात छत्री धरून पळून बघा! वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. काकांचं विमान तासाला ३०० किलोमीटरच्या वर जातं.

आणि आता वजन. इथं मात्र मी तुम्हाला थांबवणार, कारण विमान बांधणाऱ्या माणसाची झोप उडवणारी गोष्ट हीच. आरव्ही-१०चं रिकामं वजन साधारण ७२५ किलो. उडताना जास्तीत जास्त १२२५ किलो चालतं. उरले ५००. त्यात ७५ किलोची चार माणसं, म्हणजे ३००. टाक्या भरल्या तर २२७ लिटर पेट्रोल, त्याचे १६३ किलो. (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरपेक्षा किलो कमी.) सगळं मिळून ४६३. शिल्लक किती? ३७ किलो. चार जणांच्या सामानाला. समजा एसीचा सगळा संसार २५ किलोंचा झाला. मग उरले १२ किलो! तुमच्यापैकी दोघांची दप्तरंच तेवढी भरतील. हा एसी म्हणजे तिकीट न काढता बसलेला पाचवा प्रवासी. खाली उतरत नाही, डिसेंबरात थंडी पडली तरी उतरत नाही.

बरं, त्याला बसवायचं कुठं? बागेतला सी-सॉ आठवा. टोकाला बसलेलं किडकिडीत पोरसुद्धा मध्याजवळच्या जाड्याला उचलतं. विमानाचंही तसंच असतं. वजन किती, याच्याइतकंच ते कुठं आहे हे महत्त्वाचं. कूलिंग कॉइल बहुधा सामानाच्या कप्प्यामागे, शेपटीच्या बाजूला बसवतात आणि छतातल्या पोकळीतून गार हवा पुढे आणतात. पण शेपूट जड झाली तर विमान हट्टी होतं, आवरत नाही. गंमत बघा, पुढच्या सीटवर दोघंच बसले तर हेच विमान नाकाकडे जड होतं, तेव्हा काही जण मागे मुद्दाम वजन ठेवतात. म्हणजे दोघंच असताना मागचा एसी उपयोगी, आणि चौघं सामानासकट आले की तोच अडचणीचा.

आता सगळ्यात मोठा विनोद सांगतो. आपण वर जातो तसं दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली ३८, तर ३००० मीटरवर? ३८ वजा साडेएकोणीस. साडेअठरा! महाबळेश्वरच फुकटात. आणि आरव्ही-१० तिथं दहाएक मिनिटांत पोचतं. म्हणजे एवढी सगळी यातायात कशासाठी, तर जमिनीवर रांगायच्या आणि चढायच्या अर्ध्या तासासाठी.

पायपर या विमानकंपनीनं एसीच्या काही छोट्या विमानांत उडताना ताकद कमी पडायची अडचण छान सोडवली होती. वैमानिकानं उड्डाणासाठी इंजिनाला पूर्ण जोर दिला, की एक बटण आपोआप दाबलं जायचं. कॉम्प्रेसर बंद व्हायचा आणि पोटाखालचा कंडेन्सर कासवाच्या मुंडीसारखा आत जायचा. सगळी ताकद उडायला!

पण माझं मत विचाराल, तर मला काही हौशी मंडळींची दुसरीच युक्ती आवडते. मासेवाल्यांकडे असते तशी बर्फाची पेटी! तिच्यात बर्फ आणि थोडं पाणी, एक छोटा पंप, एक लहान रेडिएटर आणि एक पंखा. पंप बर्फाचं पाणी रेडिएटरमधून फिरवतो, पंखा गार वारा फेकतो. पट्टा नाही, गॅस नाही, पोटाखाली भोक नाही. थंडी आली की पेटी उचलून घरी ठेवून द्यायची.

ही युक्ती हास्यास्पद वाटते? मग 'टन' हा शब्द कुठून आला ते ऐका. यंत्रं नव्हती तेव्हा गारव्यासाठी बर्फच वापरत. म्हणून एक टन अमेरिकन मापाचा, म्हणजे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्या गतीनं उष्णता ओढणारा तो 'एक टनाचा' एसी. त्या एसीचं वजन एक टन नसतं! ९०७ला २४नं भागा: तासाला सुमारे ३८ किलो बर्फ. काकांनी १० किलो बर्फ नेला आणि तो पाव तासात वितळवता आला, तर तो पाव तास त्यांच्या पेटीनं एक टनाच्या एसीएवढंच काम केलं म्हणायचं. पाव तासानंतर विमान बरंच वर गेलेलं असतं, आणि पुढचा गारवा आकाशाचा.

तुमच्या घरी, शाळेच्या ऑफिसात किंवा ओळखीच्या दुकानात एसी असेल, तर तो किती टनांचा आहे ते विचारा आणि तासाला किती किलो बर्फाचं काम तो करतो, ते काढून बघा. दीड टनाचं उत्तर मी सांगून टाकतो: जवळजवळ ५७ किलो.