एक वाटी साखर, अर्धी वाटी हवा

एक वाटी साखर मिक्सरमधून बारीक करून घ्या आणि ती पिठीसाखर पुन्हा त्याच वाटीत भरा बरं. मावणारच नाही! वाटी शिगोशीग भरली तरी बरीच उरेल. काट्यावर ठेवलीत तर वजन मात्र पहिल्याइतकंच. मग वाढलं काय?

हवा!

साखरेचा बिनफटीचा ठोकळा मिळाला, तर १५० मिलिलिटरच्या वाटीत सुमारे २४० ग्रॅम बसेल. आपली दाणेदार साखर बसते जेमतेम १२५ ग्रॅम. बाकी सगळी दाण्यांमधली मोकळी जागा. पिठीसाखरेत तर दोन तृतीयांश वाटी हवाच असते.

आता कुणी म्हणेल, दाणे नीट रचून भरू. ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणारा योहानेस केप्लर आठवतोय? त्यानं १६११ साली अंदाज बांधला, की एकसारखे गोळे कितीही दाटीनं रचा, फळवाल्याच्या संत्र्यांच्या ढिगाहून दाट काही जमायचं नाही. त्या ढिगातही जागा भरते जेमतेम ७४ टक्के. हे सिद्ध केल्याचं टॉमस हेल्स यांनी जाहीर केलं ते थेट १९९८ मध्ये! आणि वाटीत भसकन ओतलेले दाणे कुठले शिस्तीत बसायला? गोल दाणे हलवून, ठोकून बसवले तरी ६४ टक्क्यांच्या आसपास थांबतात.

यात दाणा लहान की मोठा, यानं फारसं बिघडत नाही. मोहरी असो की साबुदाणा, वाटीत हवेचा वाटा साधारण सारखाच. पिठाची गोष्ट वेगळी. त्याचे कण इतके हलके, की एकमेकांना चिकटण्याची ओढ त्यांच्या वजनाला भारी पडते. घरंगळून खाली बसायचं सोडून ते मधेच अडकतात आणि पोकळ्या तयार होतात. म्हणून त्याच वाटीत मीठ १८० ग्रॅम बसतं, तर मैदा ७५-८० ग्रॅम. मैदा दाबून भरला, तर नव्वदच्याही पुढे जातो. (चुरमुऱ्यांचं तर विचारूच नका, त्यांच्या पोटातही हवा!) केक करणारी मंडळी ग्रॅमचा हट्ट धरतात ती उगाच नाही.

पूर्वी धान्यही मापानंच विकत. दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. अशा मापात शीग ठेवायची की काठावरून हात फिरवायचा, यावर पदरात किती पडणार ते ठरतं.

तुमच्या वाटीचा हिशोब तुम्हीच काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. येतील तितके ग्रॅम म्हणजे वाटीचे मिलिलिटर. त्या आकड्याच्या निम्मे ग्रॅम मैदा. साखर हवी असेल, तर त्याचे सहा भाग करून पाच घ्या.

आणि हो, एक वाटी काबुली चणे आणि एक वाटी मोहरी एकत्र करून पाहा. दोन वाट्या भरतच नाहीत, कारण मोहरी चण्यांमधल्या फटींत जाऊन बसते. घरून ओरडा पडण्याआधी सांगून टाका, की चाळणीनं मोहरी पुन्हा वेगळी करता येते.