ब्लॉइलर आणि स्किझोफ्रेनिया

ऑयगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) : राइनाउच्या मनोरुग्णालयात १८८६ पासून बारा वर्षे रुग्णांच्या निकट सहवासात राहून, पुढे १९२७ पर्यंत झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयाचा कारभार सांभाळणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ. ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा त्यांनी १९०८ मध्ये बर्लिनच्या व्याख्यानात मांडली. सविस्तर ग्रंथ १९११ चा.

मतभेद : जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी ज्या स्किझोफ्रेनियाला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हटले व ज्याची परिणती बहुधा बौद्धिक ऱ्हासात होते असे मानले, तो एकच विकार नसून विकारसमूह आहे आणि प्रत्येक रुग्णाची अवस्था खालावतेच असे नाही, हे ब्लॉइलर यांचे महत्त्वाचे प्रतिपादन.

लक्षणे : भास, संभ्रम, विचारांतील विस्कळीतपणा, भावशून्यता. एका देहात दोन व्यक्तिमत्त्वे, हा स्किझोफ्रेनियाहून निराळा विकार.

औषध : क्लोरप्रोमाझिन, मनोविकारांवर वापर १९५२ पासून, पॅरिस.