फडावरचा फोन

दिवाळीच्या सुमारास आमच्या परळीच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोड. शाळेतली मुलं आजीजवळ.

मैत्रिणींनो, खरी ओढाताण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीची. सोबत नेली तर शाळा सुटते, मागे ठेवली तर आई-बापाच्या जिवाला घोर. त्या घोरापायीच लग्नं उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या जवळपास 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

माया कमी पडते असं मला मुळीच वाटत नाही. पण फोनवर बोलणं काय, तर "जेवलीस का? अभ्यास कर. बाहेर फिरू नको." पोर "हो" म्हणते नि फोन ठेवते. माझ्या ओळखीची एक आई मात्र आधी स्वतःचं सांगते. मोळी कशी निसटली, पाचटानं हात कसा चिरला. मग पोरही मोकळी होते. पाळीचं दुखणं, गणिताची भीती, रस्त्यात मागे येणारा पोरगा, सगळं सांगते. यंदा स्थळ आलं, तेव्हा तिच्या बापानं पाहुण्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "बारावी होऊ द्या, मग तिलाच विचारू."