घरच्या घरीं चित्राचा पट

चित्रकलेचा नाद लागलेलें मूल घरांत असलें, तर कागदाच्या खर्चाची वडीलधाऱ्यांस फारशी क्षिति वाटत नाहीं. पण तेंच कॅनव्हास मागूं लागलें कीं हात आखडतो. मग मुलाचाही आखडतो. एवढें महाग कापड बिघडेल या धास्तीनें तें रेघ ओढावयास धजत नाहीं. आणि कांहीं न बिघडवितां चित्र काढावयास शिकलेला मनुष्य आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. यास्तव चित्राचें कापड घरींच करून पाहावें.

कॅनव्हासचें मर्म कापडापेक्षां त्यावरील अस्तरांत असतें. नुसत्या सुती कापडावर रंग धाग्यांत शोषला जाऊन फांकतो. म्हणून आधीं खळीनें छिद्रें बुजवावयाचीं व मग पांढरें अस्तर द्यावयाचें. ही विद्या आपल्या देशास नवी नाहीं. ओडिशांत पुरीजवळच्या रघुराजपूर गांवचे चित्रकार जुन्या सुती कापडास चिंचोक्याची खळ व खडूची पूड लावून पट सिद्ध करितात. स्नानपौर्णिमेनंतर सुमारें १५ दिवस जगन्नाथाचें दर्शन बंद असतें. त्या काळांत मूर्तींच्या जागीं पुजिले जाणारे पटही अशाच कापडाचे. आपल्याकडे घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला हीच खळ देतात. (‘चित्रपट’ हा शब्द मूळचा या कापडाचा, सिनेमानें तो बळकाविला!)

पसाभर चिंचोके २-३ दिवस भिजवून, टरफलें काढून बारीक वाटावे. भरपूर पाणी घालून मंद आंचेवर, सतत ढवळीत, चिकट होईतों शिजवावे व गाळून घ्यावे. जुन्या धोतराचे सारखे दोन तुकडे कांजी जाईतों धुवून घ्यावे, खळीनें एकमेकांस चिकटवावे, आणि मधली हवा तळहातानें काढून उन्हांत वाळवावे. नंतर खळींत चाळलेली खडूची भुकटी भज्यांच्या पिठाइतपत दाट कालवून दोन्ही बाजूंस लावावी; एकाच बाजूस लाविल्यास कापड वळतें. फळ्यावरचे खडू कुटूं नयेत, ते बहुधा प्लास्टरचे असतात. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा द्यावा.

खरी पारख प्रमाणाची. वाळल्यावर बोटास पूड लागली तर खळ कमी पडली. कापड दुमडतांच भेग पडली तर ती जास्त झाली. यासाठीं आधीं वीतभर तुकड्यावर करून पाहावें. शेवटीं खरबरीत दगडानें व मागाहून नदींतल्या गुळगुळीत गोट्यानें घासलें म्हणजे पृष्ठभाग असा कांहीं उतरतो कीं, कुंचला आपोआप सरकतो. हें घासण्याचें काम धाकट्या भावंडांस द्यावें. तीं आनंदानें करितात.

हा पट पाण्यांत कालविण्याच्या रंगांसाठींच. जवसाचें तेल या अस्तरांतून झिरपून सुताला भिडतें व कालांतरानें सूत ठिसूळ होतें. तैलरंगांसाठीं मांजरपाट चौकटीवर ताणून त्यास ॲक्रिलिक जेसोचे २-३ हात द्यावे. त्यांतही मजुरी वांचतेच.

खळीस झुरळें व कसर लागते. बुकबाइंडर पूर्वी खळींत मोरचूद घालीत, पण तें विष. मुलांच्या घरांत नको. लवंगेच्या तेलाचे चार थेंब घालावे. चित्र गुंडाळून ठेवावयाचें झाल्यास जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावें.